मुख्याध्यापिकेचा सहबोधांक

माझे शिकवणे माझ्या नातीच्या मेंदूत किती उतरते हे मोजणारी पट्टी शासनाने आमच्या घरी पाठवली, तेव्हा घाबरली ती बाकीची मंडळी. मी घाबरले नाही. छत्तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकवले, त्यांतली शेवटची चौदा मुख्याध्यापिका म्हणून. ज्याचे काम चोख आहे त्याने तपासणीला भ्यावे कशाला, असे मी सर्वांना ऐकवले आणि माझी पट्टी सर्वांत आधी कपाळाला बांधून घेतली.

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, कासारी नदीच्या काठावर आमचा मळा आहे. मधोमध गुऱ्हाळ आणि भोवती इंगवल्यांची चार घरे. तीन वर्षांपूर्वी गावची शाळा पटसंख्येअभावी बावीस किलोमीटरवरच्या समूह शाळेत विलीन झाली. बस पहाटे निघणार आणि दिवस मावळताना परतणार. ते नको असेल तर वसतिगृह. माझा मुलगा रणजित वसतिगृहाला तयार होता. माझी नात शर्वाणी तेव्हा सहा वर्षांची होती आणि नातू राजवीर तीन. मी सांगितले की इंगवल्यांची मुले परक्या छताखाली वाढणार नाहीत, आणि गृहशिक्षणाचा परवाना स्वतःच्या नावावर काढला. मुख्य शिक्षिका मी. माझ्या हाताखाली सून तेजस्विनी, थोरल्या नणंदबाई गोदाक्का आणि धाकटे दीर धोंडिराम.

तीन वर्षांत त्या परवान्याने आम्हाला काय दिले, हे कागदावर मांडता येणारे नाही. गोदाक्का ऐंशीच्या घरातल्या. त्या वाकळी शिवतात. वाकळीवर चांदणीची नक्षी जोडण्यासाठी कापडाचे तुकडे कापताना टोकाला घडी का राहते, या भांडणातून शर्वाणी कोनांची बेरीज शिकली. वाकळ बिघडली ती बिघडली. आजही राजवीर तीच पांघरतो. तेजस्विनी घरात बसून पाच तालुक्यांच्या मातीचे अहवाल तयार करते. तिच्या पडद्याशेजारी बसून शर्वाणीने नकाशा वाचायला घेतला, आणि शेजारच्या शिवारात खारवट पाणी कुठून येते हे तिने आम्हा सर्वांना जेवताना सांगितले. तिला ताप आला तर धडा तिच्या उशाशी येई. ती रोज गोदाक्कांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि अडलेला शब्द दोघी मिळून सोडवीत. म्हाताऱ्यांची दुपारची झोप मोडली, हा त्या परवान्याचा पहिला लाभ. जी माणसे केवळ आजार आणि जावयांविषयी बोलत असत, ती आता जेवणावर ग्रहणाविषयी वाद घालू लागली होती.

गेल्या दिवाळीपासून नियम बदलला. मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला सहबोधमापक लावणे बंधनकारक झाले. हे यंत्र काय करते ते तेजस्विनीने मला समजावले, आणि मला समजले ते असे आहे.

कपाळावर बांधायची ती बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीच्या आत जातो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक धावते, आणि असे रक्त त्या प्रकाशाला निराळ्या रीतीने शोषते. त्यावरून कोणता भाग केव्हा जागा झाला हे पट्टी टिपते. एवढे तर जुनेच होते. नवे होते ते दोन पट्ट्यांचे नाते. सांगणारा बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत एक लाट उठते. ऐकणाऱ्याला खरोखर कळत असेल, तर दोन-चार सेकंदांनी तशीच लाट त्याच्याही मेंदूत उठते. शब्द केवळ कानावर पडत असतील तर ती उठत नाही, मग उत्तर कितीही बरोबर येवो. आणि कळणे फार गाढ असेल, तर ऐकणाऱ्याची लाट सांगणाऱ्याच्या पुढे धावते. वाक्य कुठे जाणार हे त्याला आधीच ठाऊक असते. या जुळणीला शंभरपैकी जो अंक मिळतो, तो सहबोधांक.

तीन महिन्यांची सरासरी पंचेचाळीसच्या खाली गेली, तर तो नातेवाईक यादीतून कमी होई. मुख्य शिक्षकाने सही करून मागितल्यास त्याला आणखी तीन महिन्यांची सवलत मिळे. मुख्य शिक्षकाचाच अंक घसरला तर घरी अधिकारी येणार, आणि त्यांचे समाधान झाले नाही तर परवाना रद्द. मग मुले वसतिगृहात.

पट्ट्या उघड्या बांधल्या की कपाळाला घाम येई, म्हणून गोदाक्कांनी प्रत्येकीला सुती अभ्रा शिवला. माझा निळा, धोंडिराम भाऊजींचा तपकिरी. सकाळी दहा वाजता गोदाक्का स्वतः माझ्या कपाळाला पट्टी बांधीत आणि शर्वाणी स्वतःची पट्टी बांधून माझ्यासमोर येऊन बसे. पाठीचा कणा सरळ, हात मांडीवर. मी प्रश्न विचारीत असे आणि ती अचूक उत्तरे देत असे. मला याहून अधिक काही हवे नव्हते.

माघ महिन्यात पहिले निकाल आले. तेजस्विनीने जेवणाआधी सर्वांसमोर वाचले. गोदाक्का चौसष्ट, ती स्वतः अठ्ठावन्न, मी एक्क्याऐंशी. धोंडिराम भाऊजी सत्तावीस.

मला आश्चर्य वाटले नाही. भाऊजी चौथीत शाळा सोडून गुऱ्हाळावर गेले ते गेलेच. आज या पंचक्रोशीत त्यांच्याइतका जाणता गुळव्या नाही, पण काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या कढईत, पाक ओळखणे ही कारागिरी. तिला विद्या म्हणायला मी तयार नव्हते. मुले त्यांच्याकडे दुपारी जात. त्याला शिकवणे म्हणायचे ते केवळ त्यांचे मन राखण्यासाठी. तेजस्विनीने सवलतीचा अर्ज पुढे केला. मी तो बाजूला सारला. तिने दोनदा पुन्हा विषय काढला, रणजितनेही घसा खाकरला. मी म्हणाले की नियम सर्वांना सारखा असतो, आणि घरच्या माणसासाठी सवलत मागणे माझ्या तत्त्वात बसत नाही. त्याच बैठकीत मी भाऊजींचे नाव कमी करण्याच्या कागदावर सही केली.

भाऊजी उंबऱ्याजवळ उभे होते. ते एवढेच म्हणाले, "वहिनीसाहेब म्हणतील तसं." मग जाता जाता मागे वळले. "पोरीला म्हणावं, काहिलीजवळ येताना पायांत चप्पल घालत जा. मी नसलो तरी."

त्यांची पट्टी दुसऱ्या दिवशी कचेरीत परत गेली.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांत माझा अंक एक्क्याऐंशीवरून सव्वीसवर आला.

मी शर्वाणीला दोष दिला. काय बिनसले आहे, लक्ष कुठे असते, असे रोज विचारले. ती रोज मान खाली घालून "काही नाही, आजीसाहेब" म्हणे आणि पुढच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देई. मी तास वाढवला. अंक चोवीस झाला. कचेरीतून पत्र आले: मुख्य शिक्षिकेच्या सहबोधांकात अनाकलनीय घट, सोमवारी पडताळणी अधिकारी येतील.

रविवारी दुपारी गोदाक्कांनी मला आपल्या खोलीत बोलावले. या घरात मला नावाने हाक मारणारे तेवढे एकच माणूस उरले आहे.

"मंदा, खाली बस. उभ्यानं ऐकायची गोष्ट न्हाई ही."

मी बसले. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली आणि सांगितले की अभ्रे त्यांनी बदलले होते. पहिल्या आठवड्यातच माझा अंक सव्वीस आला होता आणि भाऊजींचा एक्क्याऐंशीच्या पुढे. म्हणून त्यांनी भाऊजींच्या पट्टीला निळा अभ्रा घातला आणि माझ्या पट्टीला तपकिरी. तीन महिने मी भाऊजींची पट्टी बांधून शिकवत होते आणि भाऊजी माझी; त्यांचे अंक माझ्या नावावर पडत होते आणि माझे त्यांच्या. पुढे मी त्यांचे नाव कमी केले आणि त्यांची पट्टी परत द्यायची वेळ आली, तेव्हा अभ्रे पुन्हा मूळ जागी घालण्यावाचून इलाज उरला नाही.

मी विचारले की मला का सांगितले नाही. अधिकाऱ्यांकडे सवलत मलाही मागता आली असती.

"तुला सवलत लागती, हे तुला सांगणार कोण? दादा तुझा नवरा हुता, त्यानं तरी उभ्या जन्मात तुला काय सांगितलं का?"

"घरात कोणाकोणाला ठाऊक होते?"

"समद्यांनाच. राजवीरला सुद्दा."

"आणि भाऊजींना?"

गोदाक्कांनी सुई पुन्हा हातात घेतली. "त्यानंच सुचवलं. म्हणाला, माझा आकडा वहिनीसाहेबांना लावा. मला काय करायचाय."

त्या दुपारी मी माझ्या खोलीचे दार लावून घेतले. प्रथम मला राग आला तो यंत्राचा. मग घराचा. ज्या माणसांना मी वळण लावले, त्यांनी सहा वर्षांच्या राजवीरला माझ्यासमोर तोंड मिटून बसायला शिकवले होते. बराच वेळ गेल्यावर माझ्या ध्यानात आले की ते त्याला त्यांनी शिकवले नव्हते. या घरात माझ्याहून दुसरे कोणी तसे शिकवू शकत नव्हते.

सोमवारी शमिका देवर्डेकर नावाच्या अधिकारी आल्या. जेमतेम तिशीची मुलगी; मला पाहताच पायांतल्या चपला व्यवस्थित जोडून ठेवून आत आली. तिने स्वतःच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. एक माझ्या कपाळाला, एक शर्वाणीच्या. सर्व घर सोप्यात जमले होते. भाऊजी दाराबाहेर होते, कारण यादीत नसलेल्या माणसाने आत यावे की नाही हे त्यांना कळत नव्हते.

मी अपूर्णांकांची बेरीज शिकवायला घेतली. आदल्या दिवशीचे सारे मनात होते, म्हणून मी आवाज मऊ केला. शर्वाणीने माझा मऊ आवाज तोवर ऐकला नव्हता. ती अधिकच सावध झाली. मी काय सांगते आहे यापेक्षा माझ्या भुवया कुठे जातात याकडे तिचे डोळे लागले होते. आणि मला प्रथमच दिसले की ते नेहमीच तिथे लागलेले असत. तिचे प्रत्येक उत्तर बरोबर आले. पडद्यावर अंक उमटला: तेवीस.

देवर्डेकरबाईंनी तो अंक टिपून घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "मॅडम, कधीकधी पट्टीतच दोष असतो. आधीचे तीन महिने एक्क्याऐंशी आहेत. आज माझ्या पट्टीवरही आपण ताणाखाली होतात असं मी लिहीन. पट्टी बिघडल्याचा अर्ज आपण दिलात तर तीन महिने मिळतील."

रणजितने लगेच होकार भरला. तेजस्विनीने कागद शोधायला घेतला. दाराबाहेरून भाऊजींचा आवाज आला. "यंत्रच ते. आमचं इंजान न्हाई का, ऐन पाकात बंद पडतंय."

एका सहीत माझी अब्रू राहत होती, परवाना राहत होता, मुले घरात राहत होती. केवळ धोंडिराम भाऊजी सत्तावीसवर राहत होते. आणि खरे बोलले, तर नोंदी खोट्या ठरून परवानाच जाण्याची भीती होती. मी कागदाकडे पाहिले. मग शर्वाणीकडे पाहिले. ती माझ्या भुवयांकडे पाहत होती, मी आता काय करते ते शिकण्यासाठी.

"पट्टी ठीक आहे," मी म्हणाले. "ते एक्क्याऐंशी माझे नाहीत."

मी सर्व सांगितले. अभ्रे, निकाल, माझी सही, काही वगळले नाही. अखेरीस म्हणाले, "ही नोंद माझ्या घरात माझ्या धाकाने खोटी झाली. दंड करायचा तर मला करा. मुलांना करू नका."

गोदाक्कांनी नाकाला पदर लावला. देवर्डेकरबाईंनी सांगितले की खोट्या नोंदीला परवाना रद्द हाच नियम आहे. पण अहवाल लिहिण्याआधी तो अंक खरोखर कोणाचा हे पडताळणे त्यांचे कर्तव्य आहे. त्यांनी विचारले की गुऱ्हाळ चालू आहे का.

या घरात येऊन मला एक्कावन्न वर्षे झाली. त्या दिवसापर्यंत मी काहिलीपाशी मिनिटभराहून अधिक उभी राहिले नव्हते. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडे पेटली होती, रस उकळत होता. भाऊजींनी पटका काढून पट्टी बांधून घेतली आणि अधिकाऱ्यांसमोर हात जोडून नुसतेच उभे राहिले. शेवटी शर्वाणीच म्हणाली, "आबा, मळी वर आली."

मग ते सारे विसरले. त्यांनी फेसाबरोबर वर आलेली मळी काढली आणि बोलू लागले, जर त्याला बोलणे म्हणता आले तर. "भेंडीचं पाणी घातल्यावर हिला..." एवढेच म्हणून ते थांबत, आणि मळी कशी गोळा होते ते सांगून शर्वाणी वाक्य पुरे करी. ती विचारी, रस चरकातून निघाला तेव्हा आंबट होता का. ते उत्तर देण्याऐवजी तिच्या हातात पळी देत. अंक एकोणऐंशी झाला. देवर्डेकरबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. दोन रेषा होत्या, एक भाऊजींची, एक शर्वाणीची. शर्वाणीची रेषा पुढे धावत होती.

पाक जवळ आला. शर्वाणीने गार पाण्यात थेंब सोडून बोटांत गोळी वळली.

भाऊजी म्हणाले, "मला वाटतंय, झालं."

"नाही आबा. अजून थोडं."

त्यांनी तिच्याकडे पाहिले, काहिलीकडे पाहिले आणि थांबले. मला पाकातले काही कळत नाही, पण आजूबाजूच्या गडीमाणसांचे चेहरे मला कळतात. ती चुकली आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. कोणीही बोलले नाही. काहील उतरवली, पाक गार करायच्या वाफ्यात ओतला, घोटला. गूळ काळपट आणि कडक उतरला. शर्वाणीने तो बोटाने दाबून पाहिला आणि मान वर केली. "तुम्ही म्हणालात तेव्हाच झालं होतं."

"हूं. काय बघितलं न्हाईस?"

"बुडबुडे. मी फक्त गोळीच बघत बसले."

पडद्यावर त्या घटकेला ब्याण्णव होते. भाऊजींनी तिला चुकू देण्यासाठी एक आख्खी काहील घालवली होती. छत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो मुली गेल्या. एकीलाही मी एवढी महाग चूक करू दिली नव्हती. चूक होण्याआधीच मी तिचा हात धरला, आणि त्यालाच मी शिकवणे समजत आले.

यंत्राने माझ्याविषयी सगळेच सांगितले असे मी आजही मानत नाही. माझ्या विद्यार्थिनी आज न्यायालयांत आणि रुग्णालयांत उभ्या आहेत. त्यांच्या पाठीचा कणा मी सरळ केला. पण यंत्राने जे सांगितले, तेवढे खरे आहे.

आठ दिवसांनी आदेश आला. देवर्डेकरबाईंच्या शिफारशीवरून परवाना सहा महिन्यांच्या देखरेखीखाली चालू राहणार होता. मुख्य शिक्षक धोंडिराम यशवंतराव इंगवले. माझे नाव यादीतून कमी. भाऊजी कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले की आपण कुठले मुख्य शिक्षक, आपल्याला हे झेपायचे नाही, वहिनीसाहेबांनीच कचेरीत जाऊन काही सांगावे.

"सही करा, भाऊजी. हा हुकूम आहे."

त्यांनी केली. शर्वाणीने त्यांना वळणदार सही शिकवली होती, हे मला त्या वेळी समजले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, आणि मला काहीच काम नव्हते. मी ओसरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने शर्वाणी आली. तिला कोणी पाठवले नव्हते, पट्टी नव्हती, तास नव्हता. ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आणि वाट पाहू लागली. मी छत्तीस वर्षांत एकही प्रश्न असा विचारला नव्हता की ज्याचे उत्तर मला आधीच येत नव्हते. तसा एखादा प्रश्न शोधायला मला बराच वेळ लागला.

"ऊस तोडून दोन दिवस ठेवला की त्याची गोडी उतरते म्हणतात," मी म्हणाले. "ती गोडी जाते कुठे?"

शर्वाणीने सवयीने माझ्या भुवयांकडे पाहिले. तिथे तिला काही सापडले नाही.

"मला नाही माहीत," ती सावकाश म्हणाली. "तुम्हाला?"

"नाही."

तो शब्द तिने माझ्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. ती हसली, मोठ्याने, तोंडावर हात न धरता.

"आबांना विचारू या. त्यांना नसलं माहीत, तर आईला. चला ना."

ती उठून उसाच्या सरीतून पुढे पळाली. मी माझी काठी घेतली आणि मागे निघाले. हळू चाल, असे मी तिला म्हणाले नाही.